लग्नाच्या यादीत न लिहिलेली ओळ

अभ्यासपाठ

शास्त्रभाग: लूक १४:२८-३०, योहान २:१-११, नीतिसूत्रे २२:७

पाठाचा उद्देश: आदिवासी कुटुंबाच्या लग्नात दारूचा खर्च किती होतो, तो कोण करतो आणि शेवटी तो कोण फेडतो, हे समजून घेणे, आणि आपल्या स्वतःच्या घरच्या लग्नांकडेही त्याच नजरेने पाहणे.





दारूविषयी आपण मंडळीत अनेक उपदेश ऐकले आहेत. या पाठात मी दारूच्या पापाविषयी फार बोलणार नाही. मी तिच्या हिशोबाविषयी बोलणार आहे. मावळ आणि मुळशीतल्या कातकरी वाड्यांवर काम करताना माझी एक खात्री झाली आहे. त्या वाड्यांवर दारूने जेवढे संसार मोडतात, तेवढेच दारूच्या कर्जाने मोडतात. आणि त्या कर्जाची सुरुवात बहुतेक वेळा लग्नाच्या मांडवात होते. नवरा-नवरी दोघेही कधी दारूला न शिवणारे असले तरी ते कर्ज त्यांच्याच डोक्यावर बसते.

१. आधी बसून खर्चाचा अंदाज

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. तो माणूस आधी बसतो, खर्चाचा अंदाज घेतो, काम पुरे करायला आपल्याजवळ पुरेसे आहे का ते पाहतो. प्रभू हे शिष्यत्वाविषयी सांगत होता हे खरे, पण त्याने उदाहरण निवडले ते रोजच्या व्यवहारातले. खर्चाचा अंदाज घेणे हे शहाणपणाचे काम आहे, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला मान्य होते.

वाडीवर लग्न ठरले की यादी होते. अक्षर येणारा एखादा मुलगा वहीत लिहितो: तांदूळ, डाळ, तेल, मटण, मांडव, साड्या, मंगळसूत्र, भांडी, वाजंत्री, गाडी. अशा अनेक याद्यांच्या वेळी मी शेजारी बसलो आहे. त्यात दारू क्वचितच लिहिलेली असते. एकदा मी विचारले, "मावशी, यात दारू नाही, म्हणजे लग्नात नसणार का?" मावशी हसून म्हणाल्या, "दारू कोण लिवतं दादा? ती येते."

"ती येते" या दोन शब्दांत सगळा विषय आला. तांदूळ विकत आणावे लागतात म्हणून त्यांचा भाव ठाऊक असतो. दारू "येते", म्हणून तिचा भाव कोणी विचारत नाही. ती कोणीतरी आणून देतो, आणि तो मात्र आपल्या डायरीत लिहून ठेवतो. तो बहुधा वीटभट्टीचा मुकादम असतो.

२. ती ओळ लिहून पाहू

हा अंदाज कसा करायचा ते आपण प्रत्यक्ष पाहू. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावच्या लग्नाला तुमचे आकडे घाला.

पहिला प्रश्न, माणसे किती? समजा दोन्हीकडची मिळून १५० माणसे. त्यांतून मुले, म्हातारी आणि न पिणारी वजा करा. समजा ६० पिणारे उरले.

दुसरा प्रश्न, किती वेळा? वाडीवरच्या लग्नात निदान दोन वेळा दारू असते: हळदीच्या रात्री आणि लग्नाच्या दिवशी. हळदीला माणशी एक क्वार्टर आणि लग्नाला दोन धरल्या, तर माणशी तीन. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. ६० गुणिले ३, म्हणजे १८० क्वार्टर.

तिसरा प्रश्न, भाव काय? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि देशी दारूच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये झाली. त्याआधी ती ६० ते ७० रुपयांना मिळत होती. १८० बाटल्यांचे ८० रुपयांप्रमाणे १४,४०० रुपये झाले.

चौथा प्रश्न, सोबत काय लागते? चाखणा, ग्लास, पाण्याच्या बाटल्या, आणायला गाडी. समजा ३,२०० रुपये. एकूण १७,६०० रुपये.

पाचवा खर्च भीतीचा. "कमी पडली तर सोयरे नाव ठेवतील" म्हणून चौथा हिस्सा जास्त आणली जाते. तांदूळ उरला तर घरी खायला होतो. लग्नात उरलेली दारू मात्र त्याच रात्री संपते, आणि तिच्यावरच भांडणे होतात. या भीतीची किंमत आणखी ४५ बाटल्या, म्हणजे ३,६०० रुपये. ती आपण तूर्त बाजूला ठेवू.

भाव वाढला की लोक पितात ते कमी होते असे आपल्याला वाटते. लग्नात तसे होत नाही, कारण तिथे मान अडकलेला असतो. तिथे भाव वाढला तर एकतर कर्ज वाढते, नाहीतर हातभट्टीची स्वस्त दारू येते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली, हे आपण विसरू नये. मिथेनॉलची भेसळ चवीवरून ओळखता येत नाही.

३. रुपयांचा हिशोब विटांत

१७,६०० रुपये हा आकडा कंपनीत पगार घेणाऱ्या माणसाला फार मोठा वाटणार नाही. म्हणून मी वाडीवर तो विटांत सांगतो.

विटा थापण्याचा दर भट्टीगणिक वेगळा असतो. हिशोबापुरते धरू की नवरा-बायकोच्या जोडीला हजार विटांमागे ८०० रुपये मिळतात. मग १७,६०० रुपये म्हणजे २२ हजार विटा. पहाटे अंधारात उठून चिखल तुडवला आणि दिवसाला हजार विटा थापल्या, तर २२ दिवस. पण जोडीला रोज खायलाही लागते. आठवड्याच्या बाजाराला भट्टीवाला "खर्ची" देतो आणि ती मजुरीतून कापतो. निम्मी मजुरी खर्चीत गेली असे धरले, तर दारूचे पैसे फिटायला ४४ दिवस लागतात. बाजूला ठेवलेली भीतीची किंमत घेतली, तर आणखी साडेचार हजार विटा वाढतात.

ही फक्त दारूची ओळ झाली. मटण, साड्या, मांडव यांचे कर्ज वेगळेच.

पावसाळ्यात भट्टी बंद असते. उन्हाळ्यात लग्न होते, त्या वेळी मुकादम पुढच्या हंगामाची "उचल" देतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा उचल आणखी वाढते. दिवाळीनंतर नवी नवरी हातावरची मेंदी जेमतेम पुसली गेलेली असताना भट्टीवर जाते. हंगामाच्या शेवटी मुकादम हिशोब करतो. डायरी त्याची, अक्षर त्याचे, बेरीज त्याची. पैसे "अंगावर" राहिले की पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते. पुढे मूल होते, तेही आईबापाबरोबर भट्टीवर जाते, आणि आपल्या बालवाडीच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे सहा महिने गैरहजेरी लागते. आमच्या शिक्षिका विचारतात, मूल का गळले? त्याचे एक उत्तर त्या मुलाच्या जन्माआधीच्या हळदीच्या रात्रीत असते.

नीतिसूत्रे २२:७ मध्ये शलमोन सांगतो की ऋण घेणारा ऋण देणाऱ्याचा दास होतो. आपण हे वचन उपमा म्हणून वाचतो. भट्टीवर ते अक्षरशः खरे असते.

४. हे नवे नाही: लग्नगडी

महाराष्ट्राने हे पूर्वी पाहिले आहे. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडे, वारली समाजात "लग्नगडी" नावाची पद्धत होती. तरुण वारली लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेई आणि त्या बदल्यात त्याच्याकडे गडी म्हणून राबे. पाठोपाठ त्याची बायकोही राबे. कर्ज फिटत नसे, आणि कित्येकदा ते पुढच्या पिढीवर जाई. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल दिला, त्यात ही गुलामी सरकारदरबारी नोंदवली गेली.

१९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांना संघटित केले. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, मे महिन्यात झरी गावी वारल्यांची परिषद झाली, आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि इतर काही जण त्यात मेले. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात लिहिला आहे. त्यांचा मार्ग आणि विचार आपल्यापेक्षा वेगळे होते. तरी आदिवासींत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक वाचावे असे मला वाटते. लग्नासाठी घेतलेले पैसे माणसाला कुठपर्यंत नेतात, ते त्यात दिसते.

पुढे वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ आला आणि २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू मानला गेला. या कायद्यात आगाऊ रकमेच्या बदल्यात सक्तीने राबवणे हा गुन्हा ठरला आणि वेठबिगारीचे कर्ज रद्द झाले. रूढी किंवा सामाजिक बंधनापोटी आलेली वेठही कायद्याने त्यात धरली. लग्नाची उचल त्या चौकटीपासून लांब नाही. आज "लग्नगडी" हा शब्द कोणी वापरत नाही. उचल, मुकादम, खर्ची, अंगावर, हे शब्द मात्र आपल्या शहराच्या आसपासच्या प्रत्येक भट्टीवर ऐकू येतात. रावेत, किवळे, पुनावळे, ताथवडे इथे गेल्या काही वर्षांत इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या भिंतींना लागलेल्या विटांत कुठल्या तरी लग्नाची उचल फिटली असेल, हे मनात ठेवण्यासारखे आहे.

५. "ही त्यांची परंपराच आहे" असे म्हणण्याआधी

देणगीदार बंधू-भगिनी मला नेहमी विचारतात, "दारू तर आदिवासींच्या परंपरेतच आहे, आपण काय करणार?" यावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट. पूर्वजांच्या नावाने दारूचे थेंब सोडणे, सोयऱ्यांना मान म्हणून ती देणे, ही रीत अनेक आदिवासी समाजांत जुनी आहे हे खरे. पण ती दारू मोहाच्या फुलांची किंवा ताडाची, घरची असे. तिला रोख पैसा लागत नसे. ब्रिटिश काळात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळायला बंदी झाली, ताडीच्या झाडांवर कर बसला आणि परवान्याच्या दुकानातून दारू विकत घ्यावी लागू लागली. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. सरकारला महसूल हवा होता. रीत तीच राहिली, पण ती आता विकत घ्यावी लागू लागली. ज्याच्या हातात रोख पैसा नाही, त्याला रीत पाळण्यासाठी सावकार गाठावा लागला. तेव्हा आज मुकादमाच्या गाडीतून येणाऱ्या खोक्यांना परंपरा म्हणणे बरोबर नाही.

दुसरी गोष्ट. दारू सोडण्याचा निर्णय आदिवासींनी स्वतःही घेतलेला आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून एक लाट उठली आणि ती दक्षिण गुजरात, डांग, नाशिक, खानदेशापर्यंत पसरली. गावोगाव माणसांच्या अंगात देवी येई आणि ती सांगे: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या धंद्यातल्या जमीनदारांकडे कामाला जाऊ नका. हजारो आदिवासींनी ते ऐकले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या देवी चळवळीवर १९८७ मध्ये पुस्तक लिहिले. पुढे अनेक ठिकाणी लोक पुन्हा पिऊ लागले, तरी काही ठिकाणी निर्णय टिकला. आपली श्रद्धा देवीच्या संचाराला मान्यता देत नाही. पण दारूमुळे आपली जमीन आणि कष्ट दुसऱ्याच्या घशात जातात, हे त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी बाहेरच्या कोणी शिकवावे लागले नाही, हे आपण नम्रपणे मान्य करावे. त्यांना शहाणपण शिकवायला आपण जात नाही. त्यांचे शहाणपण वापरायला त्यांच्या हातात वही आणि पेन्सिल असावी, एवढ्यासाठी जातो.

६. काना येथील लग्न

आता योहान २:१-११. "प्रभूने स्वतः पाण्याचा द्राक्षारस केला, मग लग्नात दारू का नको?" हा प्रश्न तरुणसंघात हमखास येतो. उत्तर देताना घाई करू नये. स्तोत्र १०४ मध्ये द्राक्षारस हे मनुष्याच्या आनंदासाठी देवाचे दान म्हटले आहे. नीतिसूत्रे २३ आणि यशया ५ मध्ये त्याचा नाश करणारा चेहराही दाखवला आहे. पवित्र शास्त्र दोन्ही सांगते. म्हणून या उताऱ्यावरून परवाना किंवा बंदी काढण्यापेक्षा त्या घरात काय घडत होते ते पाहू.

तिथे सहा दगडी रांजण होते. योहान त्यांचे माप देतो. आजच्या हिशोबाने एकेका रांजणात सुमारे ८० ते १२० लिटर मावत असे. सहा मिळून जवळजवळ ४७० ते ७०० लिटर. त्या काळी लग्नाची मेजवानी अनेक दिवस चाले. शमशोनाच्या लग्नाची मेजवानी सात दिवसांची होती. एवढ्या दिवसांचा अंदाज चुकला आणि द्राक्षारस संपला. मरिया ते प्रभूला सांगते, तेव्हा ती पेयाची मागणी करते एवढेच नाही. एका गरीब घराची चारचौघांत होणारी फजिती ती त्याच्यापुढे ठेवते. "कमी पडली तर नाव ठेवतील" ही जी भीती वाडीवर असते, तीच काना येथे होती.

प्रभूने ती लाज झाकली. कशी झाकली ते पाहा. त्याने कोणाला सावकाराकडे पाठवले नाही. त्या नवऱ्याच्या अंगावर कोणाचेही देणे राहिले नाही. भोजनकारभाऱ्याला काही कळले नाही, ज्या चाकरांनी पाणी भरले त्यांना मात्र ठाऊक होते. गरिबाची अब्रू राखणे आणि त्याला कर्जातून वाचवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली. आपल्या सेवेचा नमुना मला इथे दिसतो. आपण फक्त "पिऊ नका" असे सांगून परत आलो, तर अब्रूचा प्रश्न तसाच राहतो, आणि मुकादम तो सोडवायला तयारच असतो.

७. एका यादीची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात एका वाडीवर मुलीच्या घरी मी असाच बसलो होतो. न लिहिलेली ओळ आम्ही लिहिली. आकडे वर दिलेल्या उदाहरणासारखेच आले. मुलीच्या आईने विटांचा हिशोब ऐकला आणि विचारले, "इतक्या विटा कोण पाडणार? माझी पोर?" कोणी बोलले नाही.

मी स्वतः दारू घेत नाही आणि लग्नात ती नसावी असेच माझे मत आहे. ते मी सांगितले. पण निर्णय त्यांचा होता. आधी मुलीच्या मामाने आवाज चढवला, सोयरे रागावतील म्हणाला. बायकांनी मग मार्ग काढला: मानाच्या मोठ्या माणसांपुरत्या २० क्वार्टर, म्हणजे १,६०० रुपये. बाकी काही नाही. उरलेल्या पैशांतून पंगतीला आठ किलो मटण जास्त, ८०० रुपयांप्रमाणे ६,४०० रुपये. दोन्ही मिळून ८,००० रुपये झाले. १७,६०० तून ९,६०० वाचले, म्हणजे १२ हजार विटा. खर्ची धरून नवदांपत्याचे २४ दिवस.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. दोन पाहुणे न जेवता गेले. मामा पंधरा दिवस बोलला नाही. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले, "२० क्वार्टर तरी का मान्य केल्या?" त्यांचा प्रश्न योग्य आहे आणि तुम्ही त्यावर चर्चा करावी असे मला वाटते. माझे उत्तर एवढेच की पहिल्यांदा ती ओळ त्या घराने स्वतःच्या हाताने लिहिली आणि स्वतःच्या हाताने खोडली. ती मुलगी आणि जावई दिवाळीनंतर भट्टीवर गेले, पण कमी उचल घेऊन.

८. आपल्या घरची यादी

आता आपल्याकडे वळू. रावेत-किवळे पट्ट्यात मंगल कार्यालये आणि लॉन्स कमी नाहीत. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक रिसेप्शनमध्ये दारू नसते, याबद्दल देवाचे आभार. पण हळदीच्या रात्री मित्रमंडळीसाठी गच्चीवर किंवा फार्महाऊसवर काय असते? तेही यादीत नसते. तिथेही "ती येते".

समजा ४०० पाहुण्यांच्या लग्नात १२० जणांची सोय करायची ठरली. माणशी १८० मिली धरले तर २१ लिटर ६०० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या साधारण २९ बाटल्या. नव्या दराने प्रीमियम विदेशी मद्याची १८० मिलीची किमान किंमत ३६० रुपये आहे. १२० जणांचे ४३,२०० रुपये. सोडा, बर्फ, चाखणा, वाढपी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना वेगळा. कायद्याने बिअरसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ पूर्ण लागते. हळदीच्या गच्चीवर ते कोण तपासतो? आणि रात्री मुकाई चौकातून हायवेला दुचाकी घेऊन निघणाऱ्या पोरांचा हिशोब कोणत्या ओळीत धरायचा?

रोमकरांस १४ मध्ये पौल सांगतो की आपल्या खाण्यापिण्याने भावाला अडखळण होऊ नये. वाडीवरून आपल्या लग्नाला येणारा तरुण आपल्याकडे पाहतो. शहरातल्या शिकलेल्या ख्रिस्ती घराचाही मान बाटलीवर ठरतो असे त्याला दिसले, तर त्याच्या घरी मी वही उघडून काय बोलणार?

९. काय करता येईल

अ) ज्या घरी लग्न आहे तिथे दारूची ओळ आधी लिहा, मग ठरवा. माणसे, वेळा, भाव, सोबतचा खर्च, या क्रमाने.

आ) रुपयांचे कष्टात रूपांतर करा. विटा, रोजंदारीचे दिवस, कंपनीतल्या ओव्हरटाइमचे तास, जे त्या घराला समजेल ते.

इ) फेडणाऱ्यांना, म्हणजे मुलगा, मुलगी आणि मुलीची आई यांना यादीच्या वेळी बसवा. फक्त मामा-काकांनी ठरवू नये.

ई) मानाला पर्याय द्या. टोपी-टॉवेल, नारळ, पंगतीला जास्तीचे मटण, चांगली वाजंत्री. मान काढून घेतला आणि जागा रिकामी ठेवली तर ती बाटलीनेच भरते.

उ) सरकारी मार्ग सांगा. आदिवासी विकास विभागाची सामुदायिक विवाहासाठी कन्यादान योजना आहे. पुणे जिल्ह्यासाठी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. आंबेगाव आणि जुन्नरच्या अनुसूचित गावांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. मावळच्या वाड्या अनुसूचित क्षेत्रात नाहीत, पण गावातले परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाचा, म्हणजे "आडव्या बाटलीचा" मार्ग तिथेही आहे.

ऊ) उचल घेतलीच तर ती दोन वह्यांत लिहा. एक मुकादमाची, एक घरातली.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरच्या शेवटच्या लग्नात कोणता खर्च यादीत लिहिला नव्हता? तो कोणी फेडला?

२. काना येथे प्रभूने नवऱ्याची लाज झाकली. आज गरीब घराची लाज मंडळीने कशी झाकावी?

३. २० क्वार्टरचा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का? तुम्ही तिथे असता तर काय म्हणाला असता?

४. तुमच्या सोसायटीच्या बांधकामाच्या विटा कुठून आल्या, हे तुम्ही कधी विचारले आहे का?

प्रार्थनेचे विषय

या उन्हाळ्यात लग्न ठरलेल्या वाड्यांवरील तरुण-तरुणींसाठी. भट्टीवर अडकलेल्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्या मुलांच्या शाळेसाठी. मुकादम आणि भट्टीमालक यांनी न्यायाने हिशोब करावा यासाठी. दारूच्या व्यसनात असलेल्या पुरुषांसाठी आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठी. आणि आपल्या स्वतःच्या घरी होणाऱ्या लग्नांसाठी, की तिथला आनंद कोणाच्याही अंगावर कर्ज होऊन राहू नये.

प्रभू तुम्हाला आशीर्वादित करो.